सूर्यातली मिठाची रेघ

भिमाबाई कॉलेजच्या लॅबमध्ये कामाला लागली तेव्हा तिला एकच गोष्ट पक्की ठाऊक होती. हे काम सुटलं, तर परत भरावाची पाटी डोक्यावर घ्यायची. आणि ती पाटी तिला नको होती, अजिबात नको होती. ओझ्याचं काही नाही हो, ओझी तिनं पोरवयापासून वाहिलेली. नेरूळच्या पुढं खाडीकाठी जे मिठागर होतं, त्यात तिचा नवरा गोवर्धन, त्याचा बाप, त्या बापाचा बाप, सगळ्यांनी मीठ पिकवलं, आणि लग्न होऊन आल्यापासून भिमाबाईनं ते पाट्या भरभरून बांधावर नेऊन ओतलं. मग नवं शहर आलं. मिठागर गेलं, आणि मिठाच्या त्या वाफ्यांत माती टाकून भराव करायचं काम निघालं. ते काम मिळालं कुणाला? ज्यांचं मिठागर होतं त्यांनाच! देवाला कधीकधी अशी थट्टा सुचते, आणि हसू मात्र कुणालाच येत नाही.

गोवर्धन भरावाच्या कामावर एकदाही गेला नाही. तो ओट्यावर खाडीकडं पाठ करून बसायचा, आणि मिठाचा विषय निघाला की उठून जायचा. शेवटच्या हंगामातलं एक पोतं तेवढं त्यानं घराच्या कोपऱ्यात राखून ठेवलं होतं. ते विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही. भिमाबाई मात्र गेली भरावावर, कारण चूल पेटायला हवी होती आणि दोन पोरी शाळेत जात होत्या. एके सकाळी मुकादमानं पाट्या ओतायला जी जागा दाखवली ती नेमकी त्यांच्याच घरच्या वाफ्यांची निघाली. तिनं पाटी ओतली. काय करणार? त्या दिवशी ती घरी येऊन जेवली नाही, आणि का जेवली नाही ते गोवर्धननं विचारलं नाही. त्याला कळलं होतं.

म्हणून वाशीच्या कॉलेजात जमीन गेलेल्या घरातलं माणूस घेणार असं कानावर आलं, तशी ती धावत गेली. काम हंगामी होतं. नीट केलंत तर कायम करू, असं उपप्राचार्या मालतीबाईंनी सांगितलं होतं. मालतीबाई दादरहून इकडं राहायला आलेल्या. सुती साडी कडक इस्त्रीची आणि बोलणंही तसंच. त्यांनी भिमाबाईला लॅब दाखवली आणि म्हणाल्या, "हे बघा भिमाबाई, इथं अॅसिड असतं, काच असते. फोडलंत तर चालेल, पण एकाचं दुसऱ्यात मिसळलंत तर चालणार नाही." भिमाबाईनं मान हलवली. 

काम तसं सोपं होतं. झाडायचं, पुसायचं, परीक्षानळ्या आणि चिनी मातीच्या वाट्या धुऊन ठेवायच्या, सरांनी मागितलं ते द्यायचं. सर म्हणजे नंदकिशोर सर, फिजिक्स शिकवायचे. बार्शीकडचा पोरगेला माणूस, सडपातळ, एकटा राहणारा, शर्टाला बटण कमी. बोलायला लागला की थांबायचा नाही. भिमाबाईला त्याची माया वाटायची, पण सर ते सर, म्हणून ती त्याला 'अहो सर' असंच म्हणायची आणि मनात मात्र 'बिचारं पोर' म्हणायची.

त्या वर्षी कॉलेजात विज्ञानाचं प्रदर्शन भरायचं ठरलं. नवीन सोसायट्यांतली माणसं येणार, आसपासच्या गावांतली येणार, ठाण्याहून कुणी मोठे साहेब यायचे होते. नंदकिशोर सरांनी विषय घेतला ताऱ्यांच्या उजेडाचा. दिवसा प्रदर्शन आणि विषय ताऱ्यांचा! मालतीबाईंनी भुवया उंचावल्या. सर म्हणाले, "बाई, सूर्य हाही ताराच आहे. जवळचा, एवढाच फरक." मालतीबाईंनी भुवया खाली आणल्या आणि विषयाच्या कागदावर सही केली.

सरांची कल्पना अशी होती. टेबलावर गॅसचा बर्नर. तारेचं टोक वाकवून त्यावर एकेका पदार्थाची पूड घ्यायची आणि ज्योतीत धरायची. तांब्याची असेल तर ज्योत हिरवी होते, स्ट्रॉन्शियमची असेल तर लाल, पोटॅशियमची असेल तर जांभळट. मग ती ज्योत लोलकाच्या यंत्रातून बघायची. तिकोनी काच, तिच्यापुढं बारीक फट आणि बघायला छोटी दुर्बीण, असं ते यंत्र. त्यातून पाहिलं की त्या उजेडाचे रंग सुटे होतात आणि ज्या त्या पदार्थाच्या ठरलेल्या रेषा दिसतात. "ताऱ्यापर्यंत कुणी जाऊ शकतं का?" सर झाडू मारणाऱ्या भिमाबाईलाच विचारायचे, ऐकायला दुसरं कुणी नसलं की. "नाही ना? पण त्याचा उजेड इथवर येतो. तो उजेड फोडून बघितला की तारा कशाचा बनलाय ते कळतं. किती तापलाय तेही कळतं. लाल दिसतो तो त्यातल्या त्यात थंड, निळसर पांढरा दिसतो तो रखरखीत."

"म्हंजे घरात न जाता कोनाच्या चुलीवर काय शिजतंय ते वासान कलतं, तसं," भिमाबाई म्हणाली.

"अगदी तसं!" सर खूश झाले, आणि तिला दुर्बिणीतून बघा म्हणाले. ती बघायला गेली नाही. फुटलं तर?

प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात मालतीबाईंनी रसायनांचं कपाट साफ करायला सांगितलं. खाडीच्या दमट हवेनं त्याच्यात बुरशी धरली होती. भिमाबाईनं सगळ्या बाटल्या खाली काढल्या, पुसल्या, होत्या तशा ओळीनं वर ठेवल्या. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण कुठली बाटली कुठल्या शेजारी हे डोळ्यांना पाठ होतं. आणि कपाट झालं तसं तिला वाटलं, प्रदर्शन आहे, माणसं येणार, तर सरांच्या त्या चिनी मातीच्या वाट्यापण लख्ख दिसायला हव्यात. त्यांच्यावर जुने काळपट डाग होते, साबणाच्या पुडीला दाद न देणारे. मग तिनं घरी जे केलं असतं तेच केलं. केलं आणि विसरून गेली, कारण त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही होतं असं तिला वाटलंच नाही. वाट्या अशा चकाकल्या की सर म्हणाले, "वा, भिमाबाई!" ती दिवसभर त्या 'वा'वर खूश होती.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सकाळी सरांनी बर्नर पेटवला. तांब्याची पूड वाटीत काढली, तारेवर घेतली, ज्योतीत धरली. ज्योत पिवळी झाली, झेंडूच्या फुलासारखी पिवळीधमक. हिरव्याचा मागमूस नाही. सरांनी तार अॅसिडच्या वाटीत बुडवून घेतली, स्ट्रॉन्शियम घेतलं. पिवळी. पोटॅशियम. पिवळीच! दुर्बिणीतून बघितलं तर दरवेळी तीच एक पिवळी झगझगीत रेषा, आणि बाकीच्या असल्याच तर तिच्यापुढं नजरेत न भरणाऱ्या. सरांच्या कपाळावर घाम आला. "सोडियम," ते पुटपुटले. "सगळीकडं सोडियम मिसळलंय."

नेमक्या तेव्हाच मालतीबाई आल्या. त्यांनी ज्योत बघितली, मग कपाट बघितलं, मग भिमाबाईकडं बघितलं.

"कपाट कुणी आवरलं?"

"मी, बाई."

"बाटल्या उघडल्या होत्या?"

 दोन बाटल्यांची बुचं तिनं पुसायला काढली होती. लगेच लावलीही होती. पण ह्याचं त्याला आणि त्याचं ह्याला तर लागलं नसेल? तिला वाटत होतं नाही. तिला शपथ घालून विचारलं असतं तर मात्र ती डगमगली असती. "बुचं काढलेली," ती म्हणाली. "दोन."

मालतीबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "एकाचं दुसऱ्यात गेलं तर उद्या एखाद्या मुलीच्या डोळ्यावर बेतेल. मी हे तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. उद्याचं प्रदर्शन होऊ दे, सोमवारपासून येऊ नका." आणि निघून गेल्या.

भिमाबाई फडकं हातात धरून उभी राहिली. डोळ्यांसमोर पाटीच आली, दुसरं काय येणार? मुकादम, माती, आणि आता तर उरलेले वाफे. शेजारच्या गंगूनं सांगितलंच होतं, बांधापर्यंत काम आलंय म्हणून. मिठागराचं शेवटचं तोंडही तिच्याच हातानं बुजायचं होतं. तिला रडू येत होतं आणि रडायची लाजही वाटत होती, म्हणून ती जागच्या जागी तेच टेबल पुन्हा पुन्हा पुसत राहिली.

दुपारी सर परत आले. तोंड उतरलेलं होतं. "ज्योतींचं गेलं," ते म्हणाले. "निदान सूर्य तरी दाखवू. तो काही आपल्या कपाटातला नाही." मग आवाज उतरवून म्हणाले, "भिमाबाई, तुम्ही काळजी करू नका. रसायनं दुकानातूनच भेसळीची आली असं मी बाईंना लिहून देतो. कुणी तपासायला जात नाही. तुमचं काम वाचेल."

तिच्या जिवात जीव आला. पोर खरंच गुणाचं होतं.

खिडकीतून टेबलावर ऊन आलं होतं. सर म्हणाले, "सूर्याकडे थेट कधी बघायचं नाही, डोळे जातील. हा पांढरा कागद उन्हात धरा. कागदावरून येतो तोही सूर्याचाच उजेड." तिनं कागद धरला. सकाळपासून दुर्बीण त्या पिवळ्या रेषेवरच रोखलेली होती, ती सरांनी हलवलीही नव्हती. फट कागदाकडं वळवली, डोळा लावला, आणि पोटात दुखल्यासारखा आवाज काढला.

"काय झालं, सर?" भिमाबाई घाबरली. आता हेही बिघडलं की काय!

"या! या, बघा! कागद खिळ्याला अडकवा आणि या!"

या वेळी ती गेली. सकाळी काम गेल्याचं ऐकून झालं होतं, मग आता फुटायची भीती कशाला? तिनं डोळा लावला. आत इंद्रधनुष्य आडवं ताणून ठेवल्यासारखे रंग होते, आणि त्यांच्यामध्ये केसासारख्या बारीक काळ्या रेघा. बरोबर मध्यभागी, पिवळ्यात, एक काळी रेघ.

"सकाळी जिथं ती झगझगीत पिवळी रेषा होती ना, बरोब्बर तिथंच आहे ही," सर म्हणत होते. "आणि काळी का? सूर्याच्या पोटातून सगळ्या रंगांचा उजेड निघतो. बाहेर यायला त्याला सूर्याच्याच हवेतून यावं लागतं. त्या हवेत जो पदार्थ असेल तो आपला रंग वाटेत गिळतो. जळताना जो रंग द्यायचा, तोच गिळायचा. तेवढी जागा रिकामी राहते. ही रिकामी जागा म्हणजे सही आहे, भिमाबाई! सूर्यात सोडियम आहे, त्याची सही. मी हे पुस्तकात शंभरदा वाचलंय. डोळ्यानं आज पहिल्यांदा बघितलं."

"सोडियम म्हंजे काय वो, सर?" भिमाबाईनं विचारलं. सकाळपासून हा शब्द तिच्या डोक्यावर टांगलेला होता. तिला ते एखाद्या जालीम विषाचं नाव वाटत होतं.

"अहो, तुम्ही मला विचारता? तुमच्या मिठागरात पिकायचं ते. मीठ! मिठात असतं सोडियम. चिमूटभर ज्योतीत टाका, ज्योत पिवळी होते."

भिमाबाईनं दुर्बिणीवरून डोळा काढला.

मीठ. तिनं टेबलावरच्या लख्ख वाट्यांकडं बघितलं. मग तारेकडं. मग सरांकडं. सर कागद सारखा करत होते, शीळ घालत होते. गप्प बसलं तर काय होणार होतं? काहीच नाही. सर लिहून देणार होते, दुकानदाराचं नाव वाईट होणार होतं, आणि ती सोमवारी कामावर येणार होती. तोंड उघडलं तर मात्र चूक कुणाची ते लख्खच होतं. दोन पोरी, चूल आणि ती पाटी, सगळं तिच्या ओठांपाशी येऊन उभं राहिलं. भिमाबाईला स्वतःचाच राग आला. आयुष्यभर मीठ पिकवलं, विकलं, कुणाच्या मापात मारलं नाही, आणि आता काय लबाडी करायची? तीसुद्धा मिठावरून?

"सर," ती म्हणाली, "दुकानदाराला नका लिवू. त्या वाट्यांना मीच मीठ लावलेलं."

सर वळले. "काय लावलेलं?"

"मीठ. खड्याचं. डाग जात नव्हतं. आमच्याकं मच्छीची भांडी मिठानंच घासतान. वाट्या घासल्या, तारपन घासली, ज्यात तुमी आसीड वतता ती वाटीपन. घरचंच मीठ, पोत्यातलं. टाकीत पानी नव्हतं म्हनून विहिरीच्या पान्यान इसळली. तेबी खारंच."

 सरांनी कपाळावर हात मारला, तिच्या नव्हे, स्वतःच्या चुकीसाठी. रिकामी तार ज्योतीत धरून बघावी हे त्यांना सकाळपासून एकदाही सुचलं नव्हतं. त्यांनी खणातून कोऱ्या तारेचं पाकीट काढलं, फोडलं, शुद्ध पाण्याच्या बाटलीतल्या पाण्यानं काचेची नवी वाटी धुतली, तांब्याची बाटली उघडली. भिमाबाईनं पदर तोंडाशी धरला. ही ज्योत पिवळी निघाली, तर बुचांची अदलाबदलही तिच्याच नावावर जाणार होती.

ज्योत हिरवी झाली. पोपटाच्या पंखासारखी हिरवीगार! मग लाल झाली, मग जांभळट. सर असे ओरडले की मालतीबाई वर्ग सोडून धावत आल्या. त्यांना वाटलं, स्फोटच झाला.

"बाई, बाटल्या सगळ्या ठीक आहेत! जिथल्या तिथं आहेत!"

"मग सकाळी काय बिघडलं होतं?"

सर काहीतरी सावरून सांगायला गेले, पण भिमाबाईच पुढं आली. आता एवढं बोललेय तर उरलेलंही बोलावं. "बाई, भांडी मी मिठान घासली. बाटल्यांना काय केलं नाय. पन भांडी मीच."

मालतीबाईंनी एक वाटी उचलून उजेडात धरली. उलटसुलट केली. त्यांचा चेहरा कडकच होता, पण ओठांचा एक कोपरा ऐकेना. "माझी आई लोणच्याची बरणी अशीच घासायची," त्या म्हणाल्या. "खडेमीठ घेऊन. आम्हाला हात लावू द्यायची नाही." वाटी खाली ठेवली. "लॅबमध्ये आजपासून मिठाचा खडा आणायचा नाही. डबासुद्धा बाहेर खायचा. समजलं?"

"आजपासून म्हंजे... सोमवारीपन?"

"सोमवारी काय सुट्टी आहे? वेळेवर या. आणि आता ही सगळी भांडी परत धुवायला लागा, उद्या पाहुणे यायचेत."

भिमाबाईचा जीव असा भांड्यात पडला म्हणता!  ती भांडी धूत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि या वेळी तिनं ते लपवलं नाही. सर म्हणाले, "भिमाबाई, डोळ्याचं पाणी वाटीत पडू देऊ नका, तेही खारट असतं." ती रडता रडता हसली.

मग सरांनी हळूच सांगितलं, "उद्या येताना मूठभर मीठ घेऊन या. वेगळ्या पुडीत. बाईंना मी सांगतो."

मूठभर मीठ मागायचं म्हणजे गोवर्धनला सांगणं आलं. तिनं त्याला सगळं सांगितलं, पोत्यातून न विचारता घेतलं तेही. गोवर्धन उठून गेला नाही. ऐकून घेतलं. सकाळी त्यानं स्वतः पोत्याचं तोंड सोडलं, पुडी बांधली आणि धुतलेला सदरा चढवला. "मी येतो," म्हणाला.

प्रदर्शनात ही गर्दी! सरांनी हिरवी दाखवली, लाल दाखवली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग गोवर्धनच्या पुडीतला खडा चुरडून तारेवर घेतला. ज्योत झगमगली. "हे इथल्या खाडीतलं मीठ," सर मोठ्यानं म्हणाले, "आणि आता याची जागा सूर्यात बघा." यंत्राची फट उन्हातल्या कागदाकडं वळवली, आणि पहिल्यांदा गोवर्धनलाच बोलावलं.

त्यानं डोळा लावला. बराच वेळ तो हललाच नाही. मागं ठाण्याचे साहेब उभे होते, सोसायटीतल्या बायका उभ्या होत्या, कुणीतरी घड्याळ बघत होतं. मालतीबाईंनी हातानंच सगळ्यांना थांबा म्हणून सांगितलं.

"दिसली?" भिमाबाईनं विचारलं.

"दिसली," गोवर्धन म्हणाला. डोळा काढला नाही. थोड्या वेळानं, मिठागर गेल्यापासून ज्या आवाजात तो बोलला नव्हता त्या आवाजात म्हणाला, "तितं कोनी भराव नाय टाकनार."

भिमाबाईला मागच्या रांगेचं भान होतं. ती म्हणाली, "सरक आता, लोकं खोळंबली." पण तिनं त्याच्या खांद्यावर ठेवलेला हात त्याला सरकवायला ठेवलेला नव्हता, आणि तो आणखी थोडा वेळ बघत राहिला.